बाकाला पाठ हवी

मेट्रन निवृत्त होऊन घरी बसली, आणि घरातल्या बाकी दोघांचं बसणं बंद झालं.

घर तिच्या थोरल्या भावाचं. सगळी हयात तिने इस्पितळाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात आणि मागच्या क्वार्टरमध्ये काढली होती. लग्न केलं नाही, आणि का केलं नाहीस असं तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही. क्वार्टर सोडावं लागल्यावर दोन ट्रंका आणि एक घडीची खुर्ची घेऊन ती दादाकडे आली. आठवड्याच्या आत उशांचे अभ्रे बदलले, औषधांचं कपाट बदललं, आणि दादाने दुपारी कोणत्या कुशीवर झोपायचं तेही ठरलं. वहिनी भली बाई. तिने तक्रार कधी केली नाही. नवऱ्याला एकदाच म्हणाली, "वन्सं मनाने चांगल्याच आहेत हो, पण त्या स्वयंपाकघरात आल्या की मला राउंडला उभी असल्यासारखं वाटतं."

दादा सचिवालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेला माणूस. सगळ्या नोकरीत त्याने कुणाला नाही म्हटलं नव्हतं आणि धड होही म्हटलं नव्हतं. "पाहू" हा त्याचा आवडता शब्द. आगीतून चालत गेला असता तरी पाय न भाजता पलीकडे निघाला असता, असं त्याच्या हाताखालचे लोक म्हणत. त्यातलाच एक जण आता परिसर समितीचा अध्यक्ष होता. दादाने त्याच्याकडे शब्द टाकला, आणि बहिणीची सोय लावली.

ही परिसर समिती म्हणजे काय, ते सांगायला हवं. सचिवालयाचं आवार मोठं. त्यात चार-पाच इमारती, मधे हिरवळ, कारंजं, दिव्यांचे खांब, पाट्या, पुतळे. या आवारात समितीच्या मंजुरीशिवाय साधा खिळासुद्धा ठोकता येत नसे. कुंडी हलवायची असो, पाटीचा रंग बदलायचा असो की नवा पुतळा बसवायचा असो, आधी समितीपुढे विषय यायचा. अध्यक्ष, एक आर्किटेक्ट, बागांच्या अधीक्षकबाई, सुरक्षा अधिकारी आणि एक नागरिक सदस्य, असे पाच जण. आधीचे नागरिक सदस्य वारले होते, आणि बऱ्याच बैठका होईपर्यंत ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या जागेवर मेट्रन गेली.

"तिथे फार काही करायचं नसतं," दादाने तिला समजावलं. "चहा येतो, विषय वाचून दाखवतात, आपण मान हलवायची."

"उभी की आडवी?" मेट्रनने विचारलं.

"उभी," दादा म्हणाला. चेष्टा त्याला कळली नाही.

खरं सांगायचं तर पहिले काही महिने मेट्रनने मान उभीच हलवली. दिव्यांना नव्या काचा, मंजूर. कारंज्याभोवती जाळी, मंजूर. एका इमारतीच्या पायऱ्यांना कठडा नव्हता, तो तिने स्वतः सुचवला, तोही मंजूर झाला. अध्यक्ष खूश होते. साहेबांची बहीण साहेबांसारखीच निघाली, असं ते एकदा दादाला फोनवर म्हणालेही.

मग फाटकाचा विषय आला.

आवाराच्या मुख्य फाटकाबाहेर मोकळी जागा होती. कामासाठी आलेल्या लोकांना आत जायला पास लागे, आणि पास मिळेपर्यंत माणसं तिथे ताटकळत. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाची बदली, कुणाचा जमिनीचा दाखला. पूर्वी तिथे भिंतीला लागून दगडी कट्टा होता. जमिनीखाली केबल टाकताना तो फोडला, पुन्हा बांधू असं म्हटलं, आणि सगळे विसरले. तेव्हापासून माणसं उभी होती. मेट्रन दर बैठकीला त्याच फाटकातून आत जायची. बाहेर उभ्या बायकांकडे तिची नजर आपोआप जायची. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पायांवर सूज आहे, कुणाचं पोर कडेवरून घसरतंय, हे बघायची तिची जन्माची सवय. ती काही एका कागदाने निवृत्त होणार नव्हती.

प्रस्ताव होता सुशोभीकरणाचा. कट्ट्याच्या जागी पांढरे गोटे पसरायचे, त्याभोवती टोकदार रेलिंग, आणि मधे 'मातृत्व' नावाची मूर्ती. शिल्पकार आपला मातीचा नमुना घेऊन आला होता. पन्नाशीचा, दाढीत माती सुकलेला, तोंडाचा फटकळ माणूस. त्याने टेबलावरच्या नमुन्यावरचं ओलं फडकं काढलं.

एक बाई जमिनीवर बसलेली होती. एक पाय दुमडलेला, दुसरा पुढे पसरलेला, त्या पायातली चप्पल निघून बाजूला पडलेली. पोर खांद्यावर झोपलेलं. बाईचे डोळे उघडे होते, पण ती कशाकडेच बघत नव्हती.

मेट्रनने खुर्ची पुढे ओढली. घोट्यावरची सूज शिल्पकाराने नेमकी पकडली होती. असे घोटे तिने आयुष्यभर बोटाने दाबून बघितले होते.

"दमलेली वाटते हो," अध्यक्ष म्हणाले.

"दमलेलीच आहे," शिल्पकार म्हणाला.

सरकारी आवाराच्या तोंडाशी दमलेली बाई बरी दिसणार नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आर्किटेक्टने सुचवलं की तिला उभी करावी. सुरक्षा अधिकारी म्हणाले, बसलेली मूर्ती पाहून लोकही बसतील. मग पोर दोन्ही हातांनी वर उचललेलं दाखवा, म्हणजे उमेद दिसेल, आणि चेहऱ्यावर थोडं हसू असू द्या, असं अध्यक्षांनी आवरतं घेतलं. शिल्पकाराने फडकं पुन्हा टाकलं. "तर मंजूर?" अध्यक्षांनी विचारलं, आणि शेजारी मान उभी हलायची वाट पाहिली.

ती आडवी हलली.

"गोटे नकोत, रेलिंग नको," मेट्रन म्हणाली. "तिथे बाक हवेत. आणि मूर्ती आहे तशी हवी."

अध्यक्ष हसले. सुरक्षा अधिकारी हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "मॅडम, बाक ठेवला की माणसं बसतात."

"बाक त्यासाठीच असतो."

विषय पुढे ढकलला. नाही म्हणायची वेळ आली की ती समिती ढकलाढकल करत असे, हे मेट्रनला त्या दिवशी कळलं.

चार दिवसांनी ती शिल्पकाराच्या कारखान्यात गेली. पत्र्याची शेड, सगळीकडे माती, अर्धवट हातपाय. त्याने तिला ओबडधोबड स्टुलावर बसवलं आणि आपली युक्ती सांगितली. मूर्तीचा चौथरा तो मुद्दाम लांबलचक आणि गुडघ्याएवढा उंच करणार होता. कागदावर चौथरा, प्रत्यक्षात बाक. एकदा दगड बसला की कोण काढतोय? समितीला पत्ताही लागणार नव्हता.

युक्ती बिनतोड होती. मेट्रनला हसू आलं, पण ती नाही म्हणाली. "चोरून दिलेल्या बाकावर माणसं चोरासारखी बसतील. शिपाई आला की उठतील. बाक मागायचा तर बाक म्हणून मागायचा, आणि त्यांच्याच तोंडून हो घ्यायचा."

"ते हो म्हणणार नाहीत."

"बायकासुद्धा म्हणतात, आता होत नाही, आता जमत नाही," मेट्रन म्हणाली. "अर्ध्या तासात पोर बाहेर असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घडीची खुर्ची काखोटीला मारून फाटकाशी गेली, भिंतीलगत खुर्ची उघडली आणि बसली. थोड्या वेळाने एका अवघडलेल्या बाईला तिने खुर्ची दिली आणि आपण उभी राहिली. मग एका म्हाताऱ्याला. दुपारपर्यंत त्या एका खुर्चीवर कितीतरी जणांनी पाय मोकळे केले.

सुरक्षा अधिकारी आले. समितीच्या मंजुरीशिवाय इथे वस्तू ठेवता येत नाही, म्हणाले.

"कायमची वस्तू," मेट्रनने दुरुस्त केलं. नियमावली तिने वाचली होती. समितीत वाचलेली ती बहुधा पहिलीच. "ही संध्याकाळी माझ्याबरोबर घरी जाते. आणि मी सदस्य आहे. जागेची पाहणी करतेय."

"किती वेळ चालेल पाहणी?"

"जागा मोठी आहे," मेट्रन म्हणाली.

ती रोज जाऊ लागली. आधी लोक बिचकले, मग सरावले. फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याने एक प्लॅस्टिकचं स्टूल आणून ठेवलं आणि संध्याकाळी आत घेतलं. कुणी घरून चटई आणली, कुणी रंगाचा रिकामा डबा उपडा घातला. ज्याचं काम झालं तो आपली बैठक पुढच्याला देऊन जाई. शिपाई हाकलायला आले की सगळे एकसाथ उठत, वस्तू हातात धरत, आणि शिपाई वळले की पुन्हा टेकत. मेट्रन मात्र उठत नसे. ती शिपायाच्या डोळ्यात डोळे घालून बसून राही. त्यातल्या एकाच्या बायकोचं बाळंतपण तिच्याच हातून झालं होतं. तो बिचारा दुसरीकडे बघत तिच्यापुढून निघून जाई.

बातमी दादाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. अध्यक्षांचा फोन आला. साहेब, जरा समजवा, म्हणाले. दादा त्या संध्याकाळी दारातच उभा होता.

"माझ्या शब्दावर घेतलं त्यांनी तुला," तो म्हणाला. "सगळ्या नोकरीत माझ्याबद्दल कुणी वावगं बोललं नाही. आणि तू माझ्याच कचेरीच्या दारात, माझ्याच नावाने, रस्त्यावर खुर्ची टाकून बसतेस?"

"तुझ्या शब्दावर घेतलं असेल, दादा. पण तिथे बोलते मी माझ्या तोंडाने."

"राजीनामा दे."

"देणार नाही."

दादाने तिच्याशी बोलणं टाकलं. एकाच टेबलावर जेवायला बसून तो बायकोला म्हणे, तिला सांग मीठ दे. वहिनी म्हणे, वन्सं, मीठ. मेट्रन म्हणे, वहिनी, दादाला सांगा मीठ कमी खा, प्रेशर आहे. वहिनी दोघांच्या मधे टपालवाल्यासारखी झाली. पण एक दिवस मेट्रन निघताना तिने खुर्चीवर घालायला एक गादी शिवून हातात ठेवली. "कडक लागत असेल," एवढंच म्हणाली, आणि आत गेली.

पुढच्या बैठकीत मेट्रनने स्थळपाहणी मागितली. कोणत्याही सदस्याने मागितली तर समितीने जागेवर जायलाच हवं, असा नियम होता. अध्यक्षांनी पळवाट शोधून पाहिली, सापडली नाही. दिवस ठरला.

त्या सकाळी ती फाटकाशी पोचली तर जागा लख्ख रिकामी. पाहणी नीटनेटकी व्हावी म्हणून सुरक्षा अधिकाऱ्यांनी स्टुलं, डबे, चटया सगळं उचलून चौकीत कोंडलं होतं. तिच्या हातातली खुर्चीही पाहणी होईपर्यंत म्हणून ठेवून घेतली. बाहेर मोठी रांग होती. वर्षातून एकदा निवृत्त लोकांना आपण जिवंत असल्याचं समक्ष दाखवावं लागे, तो आठवडा सुरू होता. पांढऱ्या डोक्यांची ती रांग भिंतीच्या टोकापर्यंत गेली होती.

आणि रांगेच्या मध्यावर दादा उभा होता.

मेट्रनचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दादाला या रांगेत कधीच यावं लागलं नव्हतं. त्याच्या जुन्या खात्यातला एक जण घरी येऊन सही घेऊन जाई, चहा पिऊन जाई. या वर्षी दादाने त्याला येऊ नको म्हणून कळवलं होतं, हे नंतर वहिनीकडून समजलं. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, कागद हातात. ताठ उभा होता. मेट्रन जवळ गेली तर तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू तुझं काम कर. मी माझ्या कामाला आलोय."

ऊन चढलं होतं तेव्हा समिती आली. आर्किटेक्टने नकाशा उलगडला, पण तो टेकवायला जागा नव्हती, म्हणून दोघांनी दोन टोकं धरली. अध्यक्ष प्रस्ताव वाचू लागले. त्यांची कंबर दुखरी होती. वाचता वाचता ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते. मेट्रन मुद्दाम प्रश्न विचारत होती. गोटे किती जाडीचे, रेलिंगची टोकं किती उंच, मूर्तीची सावली कुठे पडेल. एकेका उत्तराला वेळ लागत होता. बागांच्या अधीक्षकबाईंनी साडीच्या पदराने घाम पुसला आणि भिंतीला टेकल्या. भिंत तापलेली होती, त्या पुन्हा सरळ झाल्या.

वाचता वाचता अध्यक्षांची नजर रांगेकडे गेली. कागद त्यांच्या हातात तसाच राहिला.

"साहेब, तुम्ही इथे?"

"जिवंत आहे ते दाखवायला आलोय," दादा म्हणाला.

रांगेत हसू पसरलं. अध्यक्ष घाईने पुढे झाले. आत चला, माझ्या खोलीत बसा, दोन मिनिटांत काम होईल, असं अजिजीने सांगू लागले. दादाचा एक हात पुढच्या माणसाच्या काठीशेजारी भिंतीवर टेकलेला होता. मेट्रनला ते लांबूनही दिसलं.

"रांग आहे," दादा म्हणाला. "मी येणार नाही."

सगळ्या हयातीत दादाने कुणाला स्पष्ट नाही म्हटलेलं तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"निदान बसा तरी, साहेब." अध्यक्ष वळले आणि ओरडले, "खुर्ची आणा रे."

शिपाई एकमेकांकडे बघू लागले. सुरक्षा अधिकारी खाकरले. "सगळ्या चौकीत बंद आहेत, सर. आपणच म्हणाला होता, पाहणीच्या वेळी काही दिसायला नको."

"खुर्ची आली तरी मी एकटा बसणार नाही," दादा म्हणाला. "माझ्या पुढच्याला माझ्याहून जास्त गरज आहे. त्याच्या पुढचीला त्याच्याहून. तुम्हाला बसवायचं असेल तर सगळ्यांना बसवा. तोवर मी ठीक आहे."

मग बागांच्या अधीक्षकबाई, ज्या बैठकीत झाडांची नावं सोडून काही बोलत नसत, त्या म्हणाल्या, "माझं मत बाकांना." आर्किटेक्टने नकाशाचं आपलं टोक सोडून दिलं, तो सुरकुतला आणि खाली पडला. आर्किटेक्ट म्हणाला, बाकांचा आराखडा दोन दिवसांत होईल, अवघड काहीच नाही.

"मग लिहा," मेट्रन अध्यक्षांना म्हणाली. "इथेच, उभ्याउभ्या."

अध्यक्षांनी लिहिलं. कागदाखाली धरायला मेट्रनने आपली पर्स दिली.

दादा आपली पाळी येईपर्यंत उभा राहिला, आत गेला, जिवंत ठरला आणि बाहेर आला. भाऊबहीण बसने घरी आले. बसमध्ये तो तिच्याकडे बघून थेट बोलला. बूट चावतात, म्हणाला. ती म्हणाली, तुला कधीचं सांगतेय, एक नंबर मोठा घे.

बाक आले, पण मेट्रनचं काम संपलं नाही. दगडाचे, देखणे, सपाट बाक. मंजुरीत पाठीचा उल्लेख नव्हता, म्हणून पाठ नव्हती. फार आराम नको, अशी सुरक्षा अधिकाऱ्यांची सूचना होती म्हणे. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर पाचही सदस्यांच्या सह्या लागत. मेट्रनने सही केली नाही. अध्यक्षांनी सांगून पाहिलं, मग विनवलं, शेवटी चिडले. बाक मागितला, बाक मिळाला, आता काय राहिलं?

"माणसाला पाठ असते," ती म्हणाली. "तशी बाकाला हवी."

पाठ बसली तेव्हा तिने सही केली.

मूर्तीच्या बाबतीत मात्र तिचं काही चाललं नाही. शिल्पकाराने बाईला उभी करायला साफ नकार दिला आणि नमुना उचलून नेला. दुसऱ्या कुणीतरी चटकन नवा नमुना आणला, हसरी बाई, वर उचललेलं गुटगुटीत पोर. चार विरुद्ध एक अशी ती मंजूर झाली. बागांच्या अधीक्षकबाईंनीसुद्धा हात वर केला. एका वेळी एवढंच धाडस जमतं, असं त्यांचा चेहरा सांगत होता, आणि मेट्रनने त्यांना दोष दिला नाही. तिने फक्त आपला विरोध इतिवृत्तात शब्दशः नोंदवा म्हणून सांगितलं. लिहून घेणाऱ्याने पेन उचललं.

"मला ही मूर्ती मान्य नाही," ती म्हणाली. "हिचे पाय दुखत नाहीत."

लिहिणाऱ्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी नाइलाजाने मान हलवली. उभी.

मुदत संपल्यावर तिला पुन्हा नेमलं नाही. नव्या नागरिक सदस्याबद्दल ऐकू येतं की मनमिळाऊ आहेत. मूर्तीच्या अनावरणाचं आमंत्रण दादाला निवृत्त अधिकारी म्हणून आलं होतं. तो गेला नाही, आणि का गेला नाही ते त्याने अध्यक्षांना फोन करून स्वच्छ सांगितलं. वहिनी म्हणते, हल्ली त्यांना नाही म्हणायची चटकच लागलीय, परवा भाजीलासुद्धा नाही म्हणाले.

शिल्पकाराने आपली बसलेली बाई दगडात कोरायला घेतली आहे. कुणी मागितलेली नाही, कुठे बसवायची ठरलेलं नाही. मेट्रन अधूनमधून कारखान्यात जाते आणि त्याच्या डोक्यावर उभी राहते. डावा घोटा अजून पुरेसा सुजलेला नाही, असं तिचं म्हणणं आहे. तो म्हणतो, दगड आहे बाई, ओढून वाढत नाही. ती म्हणते, मग बाकीचं कमी कर. आणि तो कुरकुरत छिन्नी उचलतो.